बोळगुड्ड्याची पायरी

प्रमोदिनीअक्कांनी जन्मात कधी दुसऱ्याच्या पिशवीत हात घातला नाही. नवऱ्याच्या खिशातसुद्धा नाही. शर्ट धुवायला टाकायचा असला तरी त्या न्हाणीघराच्या दारातून हाक मारायच्या, "अहो, खिसे रिकामे करा," आणि दत्ताराव पेपर खाली ठेवून येईपर्यंत शर्ट हातात धरून तशाच उभ्या राहायच्या. शेजारीण किल्ली देऊन गावाला गेली तर तिच्या झाडांना पाणी घालून येतील, पण आतल्या खोलीकडे मान वळवून बघणार नाहीत. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात, तपासणी विभागात, त्यांची सगळी नोकरी गेली. विमानाचे लहानसहान भाग त्यांच्या टेबलावर यायचे. केसभर फरक दिसला की अक्का तो भाग बाजूला सारायच्या आणि म्हणायच्या, "पास नाही." समोर साहेब असो की मजूर, आवाज तोच. तिथला शिरस्ता असा की ज्याची हत्यारपेटी त्यानंच उघडायची. कारखाना सुटला, शिरस्ता काही सुटला नाही.

आवाजही सुटला नाही. अक्का ओरडायच्या. मनात ठेवून कुढणं त्यांच्या पिंडातच नव्हतं. आलं की बाहेर, घरभर, जिन्यापर्यंत. आणि ओसरलं की त्याच तोंडानं, "कॉफी टाकू का स्वल्प?" जन्म आणि शाळा बसवनगुडीत, त्यामुळे मराठीत असं कन्नड मिसळलेलं असायचं. दत्तारावांनी या ओरडण्यावर एक नामी उपाय काढला होता. ते खुर्चीत बसून सगळं ऐकून घ्यायचे, मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत, आणि शेवटी शांतपणे विचारायचे, "झालं ओरडून?" अक्का म्हणायच्या, "झालं." की विषय मिटला.

दत्ताराव गेले आणि अक्का सर्जापूर रोडवर मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. मुलगा सुहास, सून वेदिका आणि पहिलीत जाणारी नात शमिका. वेदिका पुण्याची. तिच्या माहेरी कुणी आवाज चढवत नसे. वडील रागावले की बोलणं टाकायचे, आठवडा-आठवडा टाकायचे, आणि घर त्या अबोल्याभोवती दबकत फिरायचं. त्यामुळे अक्कांचा पहिला चढलेला आवाज ऐकला तेव्हा वेदिकाला वाटलं, संपलं, आता ही बाई आपल्याशी कायमची बोलायची बंद होणार. तासाभरानं अक्कांनी कॉफी पुढे केली तरी तिला ते खरं वाटेना.

मग वेदिकानं आपला मार्ग काढला. सांगायचंच नाही. कुकरची जुनी शिटी टाकून नवी आणली, सांगितलं नाही. शमिकानं मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक खाल्ला, त्यात अंडं होतं, सांगितलं नाही. घरात शांतता नांदत होती ती अशी, मूग गिळून मिळवलेली. सुहासला वाटायचं, काय छान जमलंय दोघींचं. पुरुषांना असं वाटत असतं.

तर या अक्कांचा वर्षाचा एक नेम होता. चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीला, बोळगुड्ड्यावरच्या मारुतीला जायचं. बोळगुड्डा म्हणजे बोडका डोंगर, आणि आहेही तो तसाच. बंगळूर मागे टाकून पूर्वेला आंध्रच्या शिवेकडे निघालं की हळूहळू हिरवं संपत जातं. पाऊस तिकडे नावाला. उरतात त्या शिळा, निवडुंग, कुसळी गवत आणि आभाळ. पार्कवाल्यांनी आता पायथ्याला कुंपण घातलंय, निवडुंगांची बाग केलीय, वाटेवर बाण रंगवलेत. शनिवार-रविवारी मारतहळ्ळी, इलेक्ट्रॉनिक सिटीकडची पोरं कातळावर दोर लावून चढायला येतात, तंबू ठोकतात, फोटो काढतात. दत्तारावांना या डोंगराचं वेड होतं, देवाचं फारसं नाही. अक्कांना देवाचं होतं. दोघांनी मिळून तो नेम चालवला.

नेमातली एक अट कडक. डोंगराच्या सुरुवातीला एका पायरीवर पादुका कोरलेल्या आहेत. तिथं चपला काढायच्या. त्या पायरीच्या वर चामडं, रबर काही न्यायचं नाही, हातातूनही नाही. अक्कांनी एवढ्या वर्षांत ती अट कधी मोडली नव्हती, आणि कधी अडचणही आली नव्हती. कारण ते दोघं मध्यरात्रीच घर सोडायचे, मारुतीचा जन्म होतो त्या सूर्योदयाला वर पोचायचे आणि ऊन तापायच्या आत खाली येऊन इडली खायचे. तिथल्या लोकांची जत्रा मार्गशीर्षात असते. तेव्हा दगड थंडगार असतो, पायऱ्यांवर चुन्याचा पांढरा पट्टा ओढतात, त्यावर पाय पोळत नाही, पाण्याचे रांजण भरतात. चैत्रात त्या डोंगरावर मारुतीला जाणारे हे मराठीच, बाकी कुणी नाही.

यंदा सुहास कामासाठी परदेशी होता. वेदिका म्हणाली, मी नेते गाडीनं. गाडी असल्यानं मध्यरात्रीऐवजी पहाटे निघायचं ठरलं. पण वेदिकाचं ऑफिसचं काम रात्री लांबलं, ती अंथरुणाला पाठ टेकताच गाढ झोपली आणि गजर वाजलेला तिला कळलाच नाही. अक्का बिचाऱ्या आंघोळ करून, सुंठवड्याचा डबा मांडीवर घेऊन अंधारात हॉलमध्ये बसून राहिल्या. सुनेच्या खोलीचं दार वाजवायचं नाही हाही त्यांचा शिरस्ता. वेदिका उठली तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं.

"मला उठवायचं नाही का, आई?"

"तुझं दार बंद होतं," अक्का म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण तोंड एवढंसं झालं होतं. ते बघून वेदिकाला जास्तच अपराधी वाटलं. आता जाऊ नका, ऊन होईल, असं म्हणायला हवं होतं. तिनं गाडीची किल्ली घेतली.

मारतहळ्ळीच्या सिग्नललाच सगळी सकाळ गेली. बोळगुड्ड्याला पोचले तेव्हा कुंपणाशी एकही गाडी नव्हती. रखवालदार प्राणेश तेवढा आपल्या खोपटात बसला होता. मधला वार, परीक्षेचे दिवस, कोण येणार? डोंगराची पश्चिमेची बाजू मात्र अजून सावलीत होती. वाट त्याच बाजूनं वर जाते. वेदिकानं पायरीला हात लावून पाहिला. दगड गार होता.

"आई, शमिकाला सँडल राहू देत का? लहान आहे ती."

अक्कांनी नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, "तिचा बाप हिच्याएवढा होता तेव्हापासून अनवाणी चढलाय. पायरीच्या वर चप्पल जाणार नाही. सरी?"

"बरं, सरी," वेदिका म्हणाली.

अक्कांनी आपल्या तपकिरी चपला पायरीच्या कडेला जोडीनं ठेवल्या, पादुकांवर डोकं टेकलं, आणि तेवढ्या वेळात वेदिकानं शमिकाचे निळे सँडल काढून आपल्या पाठीवरच्या बॅगेत, तळाशी, जादा फ्रॉकच्या खाली सारले आणि चेन ओढली. स्वतःचे बूट तिनं अक्कांच्या चपलांशेजारी ठेवले.

अक्का उठल्या. शमिकाला त्या लाडानं पुट्टी म्हणायच्या. "पुट्टीचे कुठे गेले गं?"

"गाडीत ठेवले," वेदिका म्हणाली. इतकं सहज म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

चढण सुखाची झाली. पार्कवाल्यांनी यंदा पायऱ्यांवर नव्या काळ्या फरश्या बसवल्या होत्या. दिसायला देखण्या, पण चुन्याचा पट्टा त्यांच्याखाली गेला होता. पायऱ्या संपल्या की एक लांबच लांब उघडा कातळ लागतो, उतरता, गुळगुळीत, एका कडेला लोखंडी कठडा. दुसऱ्या कडेला कातळ हळूहळू खाली वळत जातो आणि एका जागी दिसेनासाच होतो. शमिका आजीचं बोट धरून तो कातळ उड्या मारत चढली. वर मारुती म्हणजे एका उभ्या शिळेवर कोरलेली मूर्ती, तिच्यावर पुढे आलेला दगड. छप्पर म्हणावं तर तेवढंच. अक्कांनी शेंदूर लावला, सुंठवड्याचा नैवेद्य दाखवला, आणि जपाला बसल्या.

वेदिकाच्या फोनवर वाटेतच निरोप येऊन पडला होता. ऑफिसमध्ये काहीतरी मोडलं होतं आणि ते तिच्याशिवाय कुणाला जुळवता येत नव्हतं. वर फोनला रेंज नाही. ती थोडा वेळ चुळबुळत राहिली, मग अक्कांजवळ वाकली.

"आई, मी खाली जाऊन एक फोन करते. तुम्ही या दोघी सावकाश."

अक्कांनी माळ न थांबवता मान हलवली.

"बॅग ठेवते इथं. शमिकाची बाटली बाहेरच्या जाळीत आहे. आणि..." आणि तळाशी सँडल आहेत. वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. देवासमोर, जपात, हनुमान जयंतीला. वेदिकानं ते गिळलं. थोड्या वेळात येतीलच खाली, कशाला उगाच. "आणि ही टोपी घाला तिला," ती म्हणाली.

उतरताना फरश्या कोमट लागत होत्या. ते तिच्या लक्षात आलं, पण डोक्यात ऑफिस होतं.

गाडीत एसी लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन ती बोलत बसली. एक गोष्ट जुळली की दुसरी मोडायची. काचेबाहेरचं ऊन पांढरं होत गेलं. सगळं आटोपून तिनं गाडीचं दार उघडलं, तर गरम हवेचा लोट अंगावर आला आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं की अजून दोघी कशा आल्या नाहीत.

प्राणेश खोपटातून तिच्याकडेच येत होता. "मॅडम, अज्जी इन्नू बंदिल्ला," तो म्हणाला. आजी अजून आल्या नाहीत. मग पायरीकडे, जोडीनं ठेवलेल्या तपकिरी चपलांकडे बोट दाखवून म्हणाला, "कल्लु बिसी आगिदे, मॅडम."

दगड तापलाय. वेदिका धावत पायरीशी गेली आणि काळ्या फरशीवर तळहात टेकला. चटका बसून हात आपोआप मागे आला.

तेव्हा तिला सगळं एकदम समोर दिसलं. शमिकाचे सँडल वर आहेत. शमिकाच्या आजीच्या पाठीवर आहेत. आणि आजीला ते माहीत नाही, कारण ते गाडीत आहेत असं आपणच सांगितलं. आजी तहानेनं कासावीस होईल, पोरीला उचलून उचलून कोसळेल, पण दुसऱ्याच्या बॅगेची चेन उघडणार नाही. तिनं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. वर रेंज नाही हे माहीत असून तिसऱ्यांदा लावला.

प्राणेश गोणपाटं भिजवायला हौदाकडे पळाला. त्याची वाट बघण्याएवढा धीर वेदिकाजवळ नव्हता. तिनं बूट चढवले, पाण्याची बाटली घेतली, अक्कांच्या चपला उचलल्या आणि बुटांनिशी पादुकांची पायरी ओलांडली. ओलांडताना तिला काहीही वाटलं नाही. वाटायला वेळच नव्हता.

फरश्यांवरून वाफा निघाव्यात तशी हवा थरथरत होती. बुटाच्या तळव्यातूनसुद्धा धग कळत होती. वेदिका धावत होती, धाप लागली की चालत होती, आणि चालताना हिशेब मांडत होती. सावली केव्हा सरकली असेल? त्या केव्हा निघाल्या असतील? वर शिळेखाली सावली असेल का अजून? नसेलच, सूर्य डोक्यावर आहे. बाटलीत पाणी किती होतं? शमिकानं येतानाच निम्मं प्यायलं होतं. पोरीचे पाय. एवढेसे पाय, रोज रात्री ती तेल लावते ते. वेदिकाला रडू येत होतं आणि रडायला दम पुरत नव्हता. मारुतीराया, माझी पोर मला धड दे, ती म्हणत होती, मी खोटं बोलले, तिला नको शिक्षा. चूक कुणाची, खोटं कुणी बोललं, नेम कुणाचा, हे सगळं त्या उन्हात एकच झालं होतं.

पायऱ्या संपल्या. कातळ लागला. कठड्याला हात लावून ती वर बघू लागली. वाट मोकळी होती. कठड्याला धरून कुणीच येत नव्हतं.  मग बाजूला, फार बाजूला, जिथं कातळ खाली वळायला लागतो तिथं, काहीतरी हललं.

अक्का होत्या. पाठीवर शमिका, पुढून छातीवर उलटी अडकवलेली बॅग. त्या कठडा सोडून इतक्या लांब का गेल्या ते वेदिकाला क्षणभर कळेना. मग कळलं. कातळाच्या भेगांतून तिथं वाळक्या गवताचे झुबके उगवले होते. अक्का एका झुबक्यावरून दुसऱ्यावर पाय टाकत होत्या. उघड्या दगडावर पाय पडला की पोळत होता, गवतावर पडला की तेवढाच दिलासा. आणि गवत त्यांना कडेकडे नेत होतं. त्यांची नजर पायाखाली होती. पुढच्या झुबक्यापलीकडे कातळ संपतो हे त्या पाहतच नव्हत्या.

वेदिकाच्या तोंडून किंकाळी फुटणार होती. तिनं ओठ दाबून धरले. दचकल्या तर तोल जाईल. पाठीवर पोर आहे. ती खाली बसली, बूट दगडावर घट्ट रोवत, हातांनी आधार घेत आडवी सरकू लागली. तळहात भाजत होते. डोळ्यांसमोरून ती शमिकाची लोंबकळणारी पावलं हलू देत नव्हती. त्यांना काहीतरी गुंडाळलेलं होतं. अक्कांची पिवळी ओढणी, फाडून दोन केलेली.

पुरेशी जवळ आल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, मी आलेय. आहात तिथंच थांबा."

अक्कांनी मान वर केली. चेहरा लालबुंद होता, ओठ पांढरे पडले होते. "थांबता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "थांबलं की पाय भाजतो."

"पुढं कडा आहे. पुढं पाऊल टाकू नका. माझ्याकडे बघा. चपला आणल्यात तुमच्या."

अक्कांनी चपलांकडे पाहिलं. पायरीच्या वर आलेल्या चपला. त्या परिस्थितीतही त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली, वेदिकानं ती स्पष्ट पाहिली. आणि मग आठी विरली. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत त्या जागीच नाचल्यासारख्या हलत राहिल्या. पाठीवर शमिका हुंदके देत होती. वेदिका आणखी सरकली, एक चप्पल पुढे टाकली. ती घसरली, उतारावरून घरंगळत गेली आणि कातळ वळतो तिथून दिसेनाशी झाली. पडल्याचा आवाजही आला नाही. 

दुसरी चप्पल वेदिकानं हातातून सोडली नाही. पालथी पडून, हात लांबवून, तिनं ती अक्कांच्या पायाखाली सरकवली. पाऊल चपलेवर आलं तेव्हा अक्कांच्या तोंडून एक आवाज निघाला, लहान मुलाच्या रडण्यासारखा. तळव्याची कातडी फोड येऊन सुटली होती. वेदिकानं त्यांचा घोटा धरला, मग मनगट, मग दोघींना ओढत कडेपासून आत आणलं, कातळाच्या एका खोलगट जागी, जिथं मातीचा थोडा थर होता. तिथं बाटलीतलं पाणी ओतून तिनं जमीन भिजवली आणि अक्कांना त्यावर बसवलं.

"आई," शमिका वेदिकाच्या गळ्याला मिठी मारून म्हणाली, "अज्जीनं मला खाली सोडलंच नाही. मी म्हटलं मी चालते, तर म्हणाली, अजिबात नाही."

वेदिकानं ओढणीच्या गाठी सोडून पाहिलं. पावलं लाल झाली होती. फोड नव्हता. एकही नव्हता. तिनं ती पावलं गालाला लावली आणि तिला ढसाढसा रडू आलं.

"पुट्टीला झोप लागली होती," अक्का सांगत होत्या, धापा टाकत. "झोपलेल्या पोराला कसं उठवायचं. उठली तोवर सावली सरकून गेली. पाणी संपलं. तुझी वाट बघितली. मग म्हटलं, उतरू. पायऱ्यांपर्यंत पोचलं की हाक मारता येईल, तू गाडीतले सँडल घेऊन येशील."

आता उतरायचं होतं. अक्कांना धरून न्यायचं तर शमिकाला स्वतःच्या पायांनी चालणं भाग होतं. सांगायची वेळ आली होती आणि टाळायला जागा नव्हती. वेदिकानं अक्कांच्या छातीवरची बॅग सोडवली, चेन उघडली, फ्रॉक बाजूला केला आणि निळे सँडल बाहेर काढले.

अक्का त्या सँडलांकडे बघत राहिल्या. त्यांच्या काखेला बॅगेच्या पट्ट्याचा वळ उठला होता. त्यांनी वेदिकाकडे पाहिलं, पुन्हा सँडलांकडे पाहिलं. आता त्या ओरडणार. वेदिकानं खांदे आवळून घेतले.

"मला सांगायचं नाहीस?" अक्का म्हणाल्या. आवाज अगदी खाली होता.

"तुम्ही ओरडला असता."

"ओरडले असते ना!" अक्का म्हणाल्या. "चांगली ओरडले असते. पण ओरडण्यानं पाय भाजत नाहीत गं."

 वेदिकानं खाली मान घालून शमिकाच्या पायात सँडल चढवले आणि पट्टे लावले. खालून प्राणेशची हाक आली. तो भिजवलेली गोणपाटं खांद्यावर टाकून कठडा धरून वर येत होता.

गोणपाटं पायांना गुंडाळून, दोघांच्या खांद्यांवर भार टाकून अक्का खाली आल्या. पादुकांच्या पायरीशी त्यांनी थांबायला सांगितलं, वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानंच हात जोडले, आणि पुटपुटल्या, "राग नको." ते मारुतीला म्हणाल्या की वेदिकाला, हे तिला विचारावंसं वाटलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तळवे पाहून तोंडानं चक् चक् केलं आणि विचारलं, "या पायांनी पोरीला उचलून चालत होत्या?" अक्का म्हणाल्या, "मग काय डोक्यावर चालणार?" तेव्हा कुठं वेदिकाच्या जिवात जीव आला.

रात्री तिनं सुहासला फोनवर सगळं सांगितलं. सँडल, ते गाडीत ठेवल्याची थाप, लांबलेला फोन, सगळं. कुणावरही ढकललं नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि नेहमीसारखी ती त्या गप्प बसण्याला घाबरली. मग म्हणाली, "ओरडायचं तर ओरड, पण गप्प बसू नकोस." तो ओरडला नाही; आईचं ओरडणं वडील कसं ऐकून घ्यायचे आणि शेवटी काय विचारायचे, ते त्यानं तिला सांगितलं.

अक्कांचे पाय बरे व्हायला उन्हाळा सरला. रोज सकाळी वेदिका स्टुलावर त्यांचे पाय घेऊन मलमपट्टी करायची. आई-वडिलांनंतर कुणाला पायाला हात लावू दिला नव्हता म्हणून अक्का आधी संकोचल्या, मग त्यांना सवय झाली. त्या दिवसाविषयी दोघी बोलल्या नाहीत. पण वेदिकाच्या मनात एक गोष्ट घोळत होती. सांगितल्यावाचून तिची आता सुटका नव्हती.

एके सकाळी पट्टीची गाठ मारता मारता तिनं मान वर केली. "आई, पुढच्या चैत्रात जायचं झालं तर मला दार वाजवून उठवायचं. उशीर झाला तर जायचंच नाही. आणि गेलो तर शमिका सँडल घालून वर येणार. पायरीच्या वरसुद्धा. मी काढू देणार नाही."

अक्कांचे डोळे मोठे झाले. आणि मग जो काही आवाज लागला! नेम काय असतो, एवढी वर्षं पाळलेला नेम असा मोडायचा असतो का, आजकालच्या पोरींना देव म्हणजे सहलीची जागा वाटते का, दत्तारावांनी कधी मोडला नाही, सुहासनं मोडला नाही, आणि तू कोण ठरवणार, एकदा चूक झाली म्हणून काय जन्मभर चप्पल घालून देवापुढे जायचं? समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. शमिका गृहपाठाची वही घेऊन स्वयंपाकघरात पळाली.  वेदिका मात्र उठली नाही. स्टुलाशी मांडी घालून, अक्कांचं पाऊल हातात धरून, ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मध्ये एक शब्द बोलली नाही.

आवाज हळूहळू उतरला. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली.

"झालं ओरडून?" वेदिकानं विचारलं.

अक्का दचकल्या. हे शब्द त्यांनी दत्तारावांनंतर कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. त्यांनी ओढणीनं डोळे टिपले, नाक ओढलं.

"झालं," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ स्वतःच्या पट्ट्या बांधलेल्या पायांकडे बघत बसल्या.

"सँडल आत्ताच नको घेऊस तिला," त्या शेवटी म्हणाल्या. "चैत्र जवळ आला की घे. पोरीचा पाय वर्षात वाढतो. आणि हे बघ, घेशील ते माझ्या पिशवीत ठेव. वर मीच घालीन तिला."